वाजवायचे पैसे घे, दिसायचे नव्हे

ताई,

मी २७ वर्षांची, मूळची मिरजेची. बाबा लग्नाच्या बँडपथकात क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनीच मला आधी क्लॅरिनेट आणि मग अल्टो सॅक्सोफोन शिकवला. आता पुण्यात एका पार्टी बँडमध्ये वाजवते. लग्नाआधीचं संगीत, कॉकटेल, कंपन्यांच्या पार्ट्या, थर्टी फर्स्ट, कधी गोव्यातली लग्नं. सहा जणांत मी एकटीच मुलगी. पोस्टरवर फोटो माझा सगळ्यांत मोठा, पण पेमेंट ट्रम्पेटवाल्यापेक्षा कमी. बँड चालवणारे सर म्हणतात, त्याला संसार आहे. आता एक नवीनच काढलंय. नवरीच्या एन्ट्रीला सॅक्स आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजणार, मी गाऊन घालून पाहुण्यांमधून फिरायचं आणि वाजवल्यासारखं करायचं. त्याचे जास्त पैसे मिळणार आहेत.

माझं लग्न ठरलंय. होणाऱ्या सासूबाई मायेच्या आहेत, पण ‘ऑर्केस्ट्रात जाते’ हे नातेवाइकांना सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. लग्नानंतर रात्रीचं काम बंद करावं असं त्यांचं म्हणणं. होणारा नवरा काहीच बोलत नाही. आईला वाटतं, मी शाळेत संगीतशिक्षिका व्हावं. हे काम चाळिशीपर्यंत करता येतं का? की आत्ताच सोडून द्यावं?

— अल्टोवाली, पुणे

ता. क. : हल्ली शो झाला की उजव्या कानात रात्रभर शिट्टी वाजत राहते. सगळे म्हणतात, सगळ्यांनाच होतं.

•

अल्टोवाली,

तुझ्या ताज्या कलमापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न महिनाभर थांबू शकतात, हा थांबणार नाही. या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. ‘सगळ्यांनाच होतं’ हे खरं आहे, आणि म्हणूनच पन्नाशीच्या किती वादकांशी आपल्याला ओरडून बोलावं लागतं ते बघ. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. हिशोब असा आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. डीजे आणि बँड आलटून पालटून चालणाऱ्या हॉलमध्ये तू तीन-तीन तास उभी असतेस.

शिट्टी उजव्याच कानात वाजते म्हणतेस, तर ड्रमर तुझ्या उजव्या हाताला बसतो का ते बघ. त्याची मोठी झांज, क्रॅश, तुझ्या कानाच्या उंचीवर असणार. जागा बदलून माग, नाहीतर दोन पावलं पुढे उभी राहा. कापसाचा बोळा कामाचा नाही, तो वरचे स्वर खातो आणि नुकसान फारसं थांबवत नाही. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे स्वर सारखेच कमी करतात. फुंकून वाजवणाऱ्याला ते सुरुवातीला नकोसे होतात, कारण दातांतून आणि हाडांतून स्वतःचाच सॅक्स डोक्यात घुमतो. घरी रियाजाला घालून सवय कर, मग शोला घाल. आणि एखाद्या सकाळी एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, शो असला तरी.

आता ट्रॅकवर वाजवल्यासारखं करायचा प्रश्न. तुझ्या सगळ्या पत्रात मला याचीच जास्त काळजी वाटली, कारण यात पैसे जास्त आहेत आणि काम सोपं आहे. नाही म्हण. फक्त ‘नाही’ म्हणून येऊ नकोस, पर्याय घेऊन जा. ‘मला सॅक्स काढलेला ट्रॅक द्या, बाकी सगळं त्यात असू दे. मला वायरलेस क्लिप माइक द्या. मी पाहुण्यांमधून फिरत खरं वाजवेन.’ एन्ट्रीचं गाणं चार मिनिटांचं असतं. तू ते झोपेतही वाजवशील. गाऊन घालायचा तर घाल, पण पायात सपाट चप्पल असू दे आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यांवरून घ्यायचा हार्नेस वापर. अल्टोचं वजन अडीच किलोच्या आसपास, ते चालताना मानेवर लटकवलं की दोन हंगामांत मान बोलायला लागते. माइकची बॅटरी एन्ट्रीच्या आधी स्वतः बदलून घे, साउंडवाल्यावर सोडू नकोस. आणि लॉनवर फिरताना स्पीकर लांब असला तर तालाला उशीर होतो, तुझा सूर मागून येतोय असं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे कानात ट्रॅकचा छोटा इअरपीस.

एवढा आग्रह का, तर सॅक्सची फुंक ही रोजच्या वापरावर टिकते. महिनाभर नुसतं हातात धरून फिरलीस तर ओठांची पकड ढिली होते आणि वरच्या सप्तकातला सूर डगमगायला लागतो. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. आपल्या धंद्यात काम तोंडी फिरतं. उद्या एखाद्या अरेंजरने विचारलं, ‘ती सॅक्सवाली कशी आहे?’ तर उत्तर ‘छान दिसते, ट्रॅकवर फिरते’ असं जाऊ नये. तुझ्याकडे जे आहे ते वेगळं आहे. ऐनवेळी गायिका घसा बसला म्हणून ‘पांढरी दोन’ ही पट्टी सांगते, तेव्हा अल्टोची पट्टी पेटीहून वेगळी पडते म्हणून तुला पाच शार्पांच्या, म्हणजे पाच चढ्या स्वरांच्या, बी मेजरमध्ये उतरावं लागतं. ‘काळी दोन’ म्हणाली तर सरळ सी मेजर, सुख. हे डोक्यातल्या डोक्यात अर्ध्या मिनिटात करणारे वादक प्रत्येक बँडला हवे असतात. त्यावर तुझा भाव ठरला पाहिजे.

म्हणजे पैशांचा विषय आलाच. ‘त्याला संसार आहे’ हे कारण म्हणून पूर्णपणे नाकार. ज्याच्या घरी लग्न आहे तो माणूस बँडचे पैसे देताना कोणाला किती मुलं आहेत हे विचारत नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या कायद्यात १९७६ पासून आहे, पण शोगणिक पैसे घेणाऱ्या वादकाला कोर्टापेक्षा बोलणी लवकर उपयोगी पडतात, म्हणून बोलणी कशी करायची ते सांगते. ‘मला वाढवून द्या’ म्हणू नकोस. कामाचे तुकडे पाड. रिहर्सल वेगळी. शोचे तास वेगळे. प्रवास आणि मुक्काम वेगळा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून लॉनवरचा कार्यक्रम संपवून मंडळी आतल्या हॉलमध्ये जातात आणि खरी पार्टी तिथे सुरू होते. ते दहानंतरचे तास तुझ्या पेमेंटमध्ये आहेत का? बहुतेक नसणार. पोस्टरवरच्या फोटोचे पैसे वेगळे. तुझ्या चेहऱ्यावर बँड विकला जातोय, तर त्याचा हिस्सा हे काही मागून घ्यायचं दान नाही.

तारीख पक्की झाली की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाक: ‘सर, अमुक तारीख, अमुक ठिकाण, साउंड चेक चारला, वाजवणं साडेसात ते दहा, पुढच्या प्रत्येक तासाला इतके, निम्मे आगाऊ, उरलेले त्याच रात्री, परतीची गाडी घरापर्यंत.’ त्यांनी ‘ओके’ लिहिलं की झालं. मी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे तेव्हा सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे ठरलेले पैसे, आयोजकाच्या खिशात असायची आणि आमचे पैसे ‘उद्या ऑफिसात या’ या वाक्यात. ते उद्या कधी उगवलं नाही असेही प्रसंग आहेत, आणि हातात कागद नसल्यामुळे भांडता यायचं नाही. तुझ्या हातात फोन आहे.

लग्नसराई नोव्हेंबरपासून सुरू होते, मध्ये खंड पडत पडत जूनपर्यंत जाते आणि चातुर्मास लागला की बंद. पुढे गणपती-नवरात्रात थोडं काम, पितृपक्षात काहीच नाही. म्हणजे वर्षाचे पैसे साधारण सात-आठ महिन्यांत कमवायचे असतात. थर्टी फर्स्टचं पेमेंट हातात येतं तेव्हा ते ऑगस्टचं भाडं आहे असं समजून बाजूला टाक.

‘ऑर्केस्ट्रा’ शब्दावर सासूबाईंचा आवाज खाली जातो, त्याचं मला मुळीच नवल वाटत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत याच शब्दाला तिकिटं लागायची, गावोगावच्या गणेशोत्सवांत ऑर्केस्ट्राची रात्र म्हणजे मैदान भरलेलं असायचं. पुढे मुंबई-ठाण्याच्या बारच्या पाट्यांवर तोच शब्द चढला आणि त्याचा सगळा भार तिथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायकांवर पडला. त्या बायकांना कमी लेखून तू स्वतःची बाजू मांडू नयेस, एवढं मात्र मनापासून सांगते. ‘मी तसल्या ऑर्केस्ट्रात नाही’ हे वाक्य तोंडाला येईल, ते गिळ. त्यांच्या कामावरून कोर्टात जी लढाई झाली ती आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे. मुंबईतल्या ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात अट असायची की स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष, याहून जास्त नाहीत. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बायका किती आणि पुरुष किती हे ठरवणारी ही अट घटनाबाह्य ठरवली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, पण ते आठही जण बायका असू शकतात. संरक्षणाच्या नावाखाली बाईचं पोट मारता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. तुझ्या घरात आत्ता जे चाललंय तेही संरक्षणाच्याच नावाखाली चाललंय.

संरक्षणाची खरी कामं निराळी असतात आणि ती तू स्वतः मागून घ्यायची आहेत. कपडे बदलायला कडी लागणारी खोली. जवळ स्वच्छ बाथरूम. परतीला बँडची गाडी, पाहुण्यांपैकी कोणाची कधीच नाही, तो कितीही सभ्य वाटला तरी. कोणी नोटा उधळत स्टेजवर चढला तर बँडने त्याच क्षणी वाजवणं थांबवायचं, हे लीडरशी आधी ठरलेलं हवं. गाणं थांबलं की सगळ्या हॉलचं लक्ष त्या माणसाकडे जातं आणि तो उतरतो. हे मी पुष्कळदा पाहिलंय. आणि बँडमधल्याच कोणी त्रास दिला तर? २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तक्रार करता येते, आणि कामाच्या ठिकाणात कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेली गाडीही मोडते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी स्वतःची समिती नसते, म्हणून प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की तिचा पत्ता मिळतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. तुझ्यावर अशी वेळ आली आहे असं तू लिहिलेलं नाहीस. पण सहा जणांत एकटी असणाऱ्या मुलीला हे माहीत असलं पाहिजे.

चाळिशीपर्यंत करता येतं का, असं विचारलंस. इंग्लंडची कॅथी स्टोबार्ट टेनर सॅक्स वाजवायची. चौदाव्या वर्षी बायकांच्या एका बँडमधून तिने सुरुवात केली, लग्न केलं, मुलं वाढवली आणि सत्तरीतही हंफ्री लिटलटनच्या बँडमध्ये वाजवत होती. तिच्या आधीची आयव्ही बेन्सन, लीड्सची, तीही सॅक्स वाजवणारी. तिने फक्त बायकांचा डान्स बँड काढला. १९४३ मध्ये बीबीसीने तिच्या बँडला आपला नेहमीचा डान्स बँड म्हणून घेतलं तेव्हा पुरुष बँडलीडरांनी मोठी ओरड केली. ती ओरड जिरली, पण तिचा बँड आतून सारखा रिकामा होत राहिला, कारण मुली लग्न करून जायच्या आणि तिला पुन्हा नव्या मुली शोधून शिकवून तयार कराव्या लागायच्या. महायुद्धानंतर कित्येक दशकं ती हेच करत राहिली. मला नेहमी वाटतं, त्या गेलेल्या मुलींपैकी किती जणींना खरंच वाजवणं सोडायचं होतं आणि किती जणींना फक्त परत यायची वाट कोणी ठेवली नव्हती?

म्हणून तुझी वाट आत्ताच बांधून ठेव. तुझ्याऐवजी वाजवू शकतील अशा दोन-तीन वादकांशी ओळख ठेव, तुझं सगळं नोटेशन नीट लिहिलेलं एका फाइलमध्ये असू दे. आजारपण, बाळंतपण, काहीही आलं तरी बदली तू पाठवायचीस. ज्या वादकाची बदली सर शोधतात त्याची जागा जाते. जो स्वतः बदली पाठवतो त्याची जागा राहते.

आणि सगळं काम एकाच बँडवर ठेवू नकोस. गोव्याची लोर्ना साठच्या दशकात ख्रिस पेरींच्या बँडबरोबर गायची. तिचा तो आवाज आजही गोव्यातल्या प्रत्येक लग्नात वाजतो. ते काम तुटलं आणि दोन दशकांहून जास्त काळ ती रंगमंचावर नव्हती, १९९५ मध्ये परत आली. एवढ्या मोठ्या गायिकेच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर तू-मी कोण? महिन्याकाठी एखादा शो दुसऱ्या बँडबरोबर कर. सरांना सांगून कर, लपवून नको. क्लॅरिनेट विसरू देऊ नकोस. दोन वाद्यं वाजवणाऱ्याला रेकॉर्डिंगला आधी फोन येतो. सरोदवादक झरीन दारूवाला चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला पुरुषांनी भरलेल्या स्टुडिओत बसून वर्षानुवर्षं वाजवत होत्या. तिथे त्यांना बोलावलं जायचं ते सुरात आणि वेळेत वाजवतात म्हणून.

शाळेचं म्हणशील, तर शिकवायची ओढ असेल तर जरूर जा. पण आईची काळजी मिटवायला किंवा सासरची परवानगी टाळायला म्हणून जाऊ नकोस. सकाळी सातची शाळा आणि रात्री दोनला संपलेला शो हे एका अंगात बसत नाही, वर्षभरात तू दोन्हींवर चिडायला लागशील. त्यापेक्षा हंगाम नसताना घरी चार-पाच मुलांना क्लॅरिनेट शिकव. त्यात मुली आल्या तर त्यांची फी सवलतीची ठेव, ही माझी विनंती.

उरला तो, न बोलणारा. त्याचं गप्प राहणं हे उत्तर धरू नकोस, पण त्या गप्प राहण्यावर लग्नही करू नकोस. त्याला एका शोला घेऊन जा. पाहुणा म्हणून साडेआठला नको, दुपारी तीनला टेम्पोत सामान चढतं तेव्हापासून. त्याने केबल गुंडाळाव्यात, साउंड चेकला ताटकळावं, रात्री अकराला उभ्याने गार पुलाव खावा आणि मग तू शेवटच्या सेटमध्ये काय वाजवतेस ते ऐकावं. सासूबाईंनाही बोलव, वेगळ्या दिवशी, एखाद्या नाट्यगृहातल्या कार्यक्रमाला. नर्सबाई रात्रपाळी करतात याचं त्यांना काही वाटत नसेल, तुझ्या रात्रपाळीचं वाटतं, कारण तिथे नेमकं काय चालतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या शेजारी तुझ्या बाबांना बसव. लग्नाच्या वरातीत उन्हातान्हात वाजवणाऱ्या माणसाने आपल्या मुलीच्या हातात वाद्य दिलं, ते का दिलं हे त्यांच्याच तोंडून ऐकू देत.

मग त्याला दोन प्रश्न सरळ विचार. ‘मी रात्री दोनला घरी आले तर दार कोण उघडणार?’ आणि ‘तुझी आई नातेवाइकांसमोर आवाज खाली करते तेव्हा तू काय म्हणणार?’ उत्तर गोड असायची गरज नाही, स्पष्ट असायची आहे. हे पत्रिका छापायला टाकायच्या आधी विचार. सरांना मेसेज मात्र आजच टाक, त्यांचा हंगाम तोंडावर आलाय आणि ऐन नोव्हेंबरात त्यांना दुसरी अल्टो कुठे मिळणार?

— ताई